तीन कंठ आणि एक खोकला

४ फेब्रुवारी

भावोजी,

सव्वीस वर्षांचे नमस्कार माझ्याकडे तुंबून राहिलेत. सगळे एकदम पाठवले तर तुम्ही घाबराल, म्हणून तूर्त एकच पाठवते.

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच ठेवून द्याल अशी शंका होती, म्हणून वरचा पत्ता तुमच्या लेकीकडून लिहून घेतला. ती तुमच्यापेक्षा समंजस आहे. कुणावर गेली कोण जाणे. तिच्याकडूनच कळलं, की तुम्ही हल्ली घरगुती यंत्रांना गायला शिकवता. कपडे धुऊन झाले की आमचं वॉशिंग मशीन पाच सुरांत काहीतरी म्हणतं, ते तुमचं निघालं. गेली तीन वर्षं मी त्याला ‘हो हो, आले’ असं उत्तर देत होते. म्हणजे दिराशी बोलणं बंद आहे असं जगाला सांगत होते आणि दिवसाआड बोलत होते.

आता काम सांगते. ह्यांचे कान गेले.

आठ वर्षांत, केस गेले तसेच, हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग मी. मी गेल्याचं ह्यांना बरेच दिवस कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी तक्रार केली नाही. गेल्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली. कानामागे कातडीखाली एक चकती, आत गोगलगायीच्या शंखासारखा जो भाग असतो त्यात एक तार, आणि बाहेरून कानावर अडकवायचं बोटभर यंत्र. डॉक्टर म्हणाले, आता ऐकू येईल. आलं. मी विचारलं, “कसं वाटतंय?” हे म्हणाले, “डब्यात कोंडलेला बेडूक बोलतोय.” इतक्या वर्षांच्या संसारात मला पुष्कळ उपमा मिळाल्या, पण ही उपमा नव्हती, निव्वळ वर्णन होतं.

ऐकायला नव्याने शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या हुद्द्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्यांना श्रवणाबाई म्हणते. त्या सांगतात, तार नुसता आवाज पोचवते. त्याचा अर्थ मेंदूला लावावा लागतो आणि तो रोज तासभर सराव केला तरच येतो. पहिलं वर्षभर मेंदू शिकायला तयार असतो, मग हट्टी होतो. ह्यांनी तीन आठवडे सराव केला. मग यंत्र चष्म्याच्या डबीत घालून टेबलाच्या खणात ठेवलं. “बेडकांशी गप्पा मारायचं माझं वय नाही,” म्हणाले. आता जेवताना मधे पाटी असते. मी तिच्यावर ‘मीठ?’ लिहिते, हे मान हलवतात. भावोजी, हा माणूस खुर्चीवरून न उठता घरातून निघून चाललाय.

श्रवणाबाईंनी परवा विचारलं, ह्यांना तोंडपाठ असलेले, अगदी साधे, हजारो वेळा ऐकलेले आवाज कोणते? मला हसूच आलं. मी त्यांना तुमचा ‘खिडकीवाला’ समजावून सांगितला. दोघा भावांनी पुढच्या खोलीत बसून केलेला व्हिडिओ गेम. वीस मजली इमारतीच्या खिडक्या दोरीला लटकून पुसणारा माणूस, अंगावर येणारी कबुतरं, वरच्या मजल्यावरून बादल्या फेकणारा तो दुष्ट रहिवासी. मोठ्याने चित्रं हलवली, धाकट्याने आवाज केले. खेळाच्या यंत्राला तीन कंठ आणि खरखरीचा एक खोकला, इतकंच भांडवल. तीन कंठांतून सूर निघायचे आणि खोकल्यातून बाकी सगळं: बादलीचा दणका, फडक्याची करकर, कबुतराचे पंख. कबूतर फडफडलं की गाण्यातला एक कंठ क्षणभर गप्प बसायचा, कारण पंखांना नुसता खोकला पुरत नसे. म्हणून तुम्ही गाणीच अशी रचायचात, की त्यात कबुतरापुरती जागा असे.

बाई म्हणाल्या, “अहो, सरावाला याहून चांगलं काय मिळणार? आणा ते आवाज.”

आणू कुठून? कंपनी केव्हाच बुडाली. आमच्याकडचं खेळाचं यंत्र गंजलं. आता ते आवाज जगात एकाच ठिकाणी आहेत, तुमच्या निळ्या वहीत, आकड्यांच्या रूपात. ती पाठवा, किंवा तुम्हीच वाजवून पाठवा. ह्यांना हे पत्र ठाऊक नाही.

शेवटच्या धुनेचं जे झालं ते या निमित्ताने उकरू नये. चूक कुणाची, हा प्रश्न निदान मी तरी विचारत नाहीये.

— वहिनी

३ मार्च

भावोजी,

पाकीट पोचलं. आत एक पेन ड्राइव्ह आणि कागदाचा एक कपटाही नाही. पाकीट उलटं करून झटकलं, उजेडात धरलं, गोंदाच्या पट्टीखालीसुद्धा पाहिलं. पेन ड्राइव्हवर चौदा आवाज आणि त्यांना नावं एक ते चौदा. तुमच्या पत्रलेखनशैलीत अल्पाक्षरत्व हा गुण पहिल्यापासून होता, पण इतकी सिद्धी मिळाली असेल असं वाटलं नव्हतं.

मी पाटीवर लिहिलं: ‘धाकट्याने आवाज पाठवलेत.’

ह्यांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग पाटी स्वच्छ पुसून माझ्या हातात दिली आणि आतल्या खोलीत गेले. मी मनात म्हटलं, संपलं. दहा मिनिटांनी टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. मला आला, त्यांना आला नसणार.

बाहेर येऊन बसले, कानावर यंत्र चढवलेलं, चेहरा दाढ काढायला आलेल्या माणसाचा. “लाव,” म्हणाले.

पद्धत अशी ठरवली, की मी चौदांतला कुठलाही एक वाजवायचा आणि ह्यांनी ओळखायचं. पहिल्या दिवशी एक. बादली. पण ती ओळखली तेव्हा असे ओरडले, की शेजारचे विचारायला आले. “बादली! ती बादली आहे! डोक्यात पडली!” मी त्यांना सांगितलं, काळजीचं कारण नाही, बादली व्हिडिओ गेममधली आहे. त्यांची काळजी वाढली.

खोकला आधी कळतो, कंठ मागून. श्रवणाबाई म्हणतात, तसंच असतं. सुरांची उंची या तारेतून नीट जात नाही, सगळे सूर एकाच उंचीचे वाटतात. पण ठोका जातो. किती लांब, किती आखूड, मधे किती थांबलं, हे अगदी स्वच्छ कळतं. म्हणजे ह्यांना आता राग कळणार नाही, वृत्त कळेल. माझ्यासारख्या वृत्तं शिकवणाऱ्या बाईशी लग्न केल्याचं फळ उशिरा का होईना मिळालं.

दोन आठवड्यांत चौदांपैकी नऊ. यंत्र अजून दिवसातून तासभरच चढतं, पण डबी खणातून टेबलावर आली आहे.

कागद महाग झालेत का तुमच्याकडे?

— वहिनी

११ एप्रिल

भावोजी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे, तेव्हा अक्षर वाईट येईल.

परवा तेरा आवाज झाले. फडकं, दोरी, दोन्ही कबुतरं, मजला चढल्याची टिंगटिंग, सगळं. चौदावा राहिला होता. तो कुठला, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तो वाजवायची पाळी माझ्या हाताने मी सारखी चुकवत होते. ह्यांनी ते पकडलं. “एक राहिलाय. लपवतेस काय?” म्हणाले आणि स्वतःच बटण दाबलं.

खिडकीवाला दोरीवरून सुटतो तेव्हाची धून. चार सेकंद.

ह्यांनी मान हलवली. “ही आपली नाही.” पुन्हा लावली. “आपली सरळ चालायची. हजार वेळा मेलोय मी त्या खेळात, मला पाठ आहे. ही लंगडते.” मग बोटाने टेबलावर ठेका धरला आणि पुन्हा लावली. मी मोजलं, अकरा वेळा. अकराव्यांदा बोट अधांतरी थांबलं. “अगं, हे चुकून नाही. मुद्दाम आहे. इथे त्याचा पाय सुटतो. पाय जिथे पडायला हवा तिथे काही नाहीच.”

गेल्या पाच महिन्यांत काय ऐकू येत नाही हेच हे मला सांगत होते. काय ऐकू आलं, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी उठून पेन ड्राइव्ह काढून घेतला.

भावोजी, तुमची धून ह्यांनी सरळ केली नाही. मी केली.

वहीतले आकडे यंत्रात भरायचं काम माझं होतं, ते तुम्ही विसरला नसाल. प्रत्येक सुराला दोन आकडे, एक उंचीचा आणि एक लांबीचा. आखूड म्हणजे सहा, लांब म्हणजे बारा. तुमच्या दृष्टीने ते आकडे होते. मी छंदःशास्त्रात दोन पारितोषिकं मिळवलेली बाई. मला ते लघु आणि गुरू दिसायचे. पहिल्या चरणात आठ मात्रा. दुसऱ्यात सातच. पुन्हा मोजल्या, सातच. आणि एका सहाच्या भोवती तुम्ही पेन्सिलीने वर्तुळ केलं होतं. ‘हे असंच ठेवायचं’ असा त्याचा अर्थ असणार, हे आज शेंबड्या पोरालाही कळेल. मी अर्थ घेतला, ‘इथे शंका आहे.’ म्हटलं, बिचारा दमलाय, मात्रा पडली त्याची. आणि सहाचे बारा केले. वर तुम्हाला सांगितलंही नाही, कारण उपकार करून बोलून दाखवू नयेत.

मग खेळ विकायला एका दुकानात मांडला आणि तुम्ही तो उभ्या उभ्या ऐकलात. घरी आलात ते पांढरेफटक होऊन. “दादा, माझी धून कुणी सरळ केली?” हे म्हणाले, “मी हात लावला नाही. आणि लावला असता तरी ऐकतंय कोण? लोक बघायला येतात.”

मी तेव्हा चहा ओतत होते. तिन्ही कप भरले आणि बशीत एक थेंब सांडला नाही, यावरून माझ्या निर्ढावलेपणाची कल्पना यावी. वाटलं, आत्ता नको, दोघेही तापलेत, सकाळी सांगू. सकाळी तुम्ही वही घेऊन गेलेले होतात.

मग एका दिवसाची आठवड्याला सवय लागते, आठवड्याची वर्षाला. ह्यांनाही मी सांगितलं नाही. धाकटा खोटा आळ घेऊन गेला, असं ते सव्वीस वर्षं समजत आले. मोठ्याने धून बदलली आणि वर थट्टा केली, असं तुम्ही. दोघांच्या मधे बसून मी पुढच्या पिढ्यांना यतिभंग, म्हणजे विराम चुकणं, शिकवत होते.

उद्या ह्यांना सांगणार आहे. पाटीवर नाही. तोंडाने.

— वहिनी

२ मे

भावोजी,

सांगितलं.

पाटीवर नाही म्हटलं होतं, त्याची किंमत मोजली. एक वाक्य चार वेळा म्हणावं लागलं. “सहाचे बारा मी केले.” हे म्हणाले, “सासऱ्यांना काय झालं?” पुन्हा म्हटलं. “सहा वाजता काय?” असली कबुली चार वेळा द्यायची म्हणजे तिच्यातलं सगळं कारुण्य गळून जातं आणि नुसतं पाढे म्हणणं उरतं. चौथ्यांदा मी टेबलावर ठेका वाजवला, आधी तुमचा, मग माझा. तेव्हा कळलं.

मी माझ्या बाजूने सगळ्या शिक्षांची तयारी ठेवली होती. हे म्हणाले, “म्हणजे तो खरं बोलत होता.”

“हो.”

“आणि मीही खरं बोलत होतो.”

“हो.”

“मग खोटं कोण बोललं?”

“कुणीच नाही. मी गप्प बसले.”

“तुला कधीपासून जमायला लागलं ते?” म्हणाले, आणि हसायला लागले. हसू आवरल्यावर मात्र चेहरा उतरला. “ते ‘ऐकतंय कोण’ मात्र माझंच होतं गं,” म्हणाले. “ते काही तू भरलेलं नव्हतंस.”

त्या दिवसापासून यंत्र सकाळी उठल्यावर चढतं ते झोपताना उतरतं. मी सांगितलेलं नाही. पाण्याचा नळ कळतो. चमचा कळतो. काल मी ताटावरून “मीठ” म्हणाले आणि ह्यांनी मीठ दिलं. अर्थात टेबलावर दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे श्रवणाबाई याला पुरावा मानत नाहीत. मी मानते. पाटी कपाटावर ठेवली आहे. बायकांचे आवाज अजून सगळे सारखेच वाटतात, पुरुषांचेही. माणूस बोलतोय एवढं कळतं, कोण ते कळत नाही. “तोंड बघितलं नाही तर तू आणि बातम्या देणारी, दोघी एकच,” म्हणतात. ती माझ्यापेक्षा मुद्देसूद बोलते, हे मी लक्षात आणून दिलं.

तुमच्याकडून काही नाही. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. सव्वीस वर्षं गप्प बसलेल्या बाईने तीन आठवड्यांच्या मौनावर बोट ठेवणं शोभत नाही. रागावला असाल तर रागवा. फक्त तो राग आता योग्य पत्त्यावर पाठवा. ह्यांच्या नावाने तो फार वर्षं चुकीच्या घरी जात होता.

— वहिनी

१९ जून, रविवार

भावोजी,

आजच्या फोनची तुमची बाजू तुम्हाला ठाऊक आहे. इकडची दिसली नसेल, ती सांगते.

अकरा वाजले होते. हे जमिनीवर बसून डगमगणाऱ्या स्टुलाचा पाय काढून त्याला पाचर ठोकत होते. मी पेपर तपासत होते. एकदम मान वर करून हे म्हणाले, “फोन.” मी हातातलं सोडून ह्यांच्याकडेच बघत राहिले. “अगं, वाजतोय ना? उचल की,” म्हणाले.

मी उचलला. तुम्ही आधी नुसता श्वास घेतलात, मग म्हणालात, “वहिनी, केवढी मोठी पत्रं लिहिता हो.”

मी म्हटलं, “उत्तरं आली असती तर लहान लिहिली असती.”

“आकडे तुम्ही भरता हे मला ठाऊक होतं की. पण तुमच्यावर रागवायचं सुचलंच नाही. दादावर रागवायची सवय होती.”

मग तुम्ही विचारलंत, दादा आहे का. श्रवणाबाईंनी बजावलेलं आहे, की फोन सगळ्यांत अवघड; समोर ओठ नसतात, निम्मा आवाज तारेतच हरवतो, पुढल्या वर्षी बघू. हे मी तुम्हाला सांगेपर्यंत ह्यांनी हात पुढे केला होता. कोण आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. खरं तर मुद्दामच सांगितलं नाही.

फोन कानाला लावून चालत नाही. यंत्राचं तोंड कानाच्या वर, मागच्या बाजूला असतं. त्यामुळे हे फोन टोपीसारखा डोक्याला तिरका धरून बसले, स्टुलाचा पाय दुसऱ्या हातात. आवाज पूर्ण मोठा केला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू येत होतं.

तुम्ही म्हणालात, “दा — दा. मी — बोल — तो — य.”

“कोण?”

“मी. धा — क — टा.”

हे माझ्याकडे वळून म्हणाले, “कंपनीचा माणूस दिसतो. काहीतरी विकतोय.” आणि फोनमध्ये, सभ्यपणे, “आम्हाला नको आहे.”

तुम्ही आणखी हळू बोललात. आणखी मोठ्याने. लहान मुलाला घास भरवावा तसा एकेक शब्द. ह्यांच्या कपाळावर त्या आठ्या आल्या, ज्या यंत्र डबीत जायच्या आधी येतात. मला वाटलं, माझ्या हौसेपायी चार महिन्यांची मेहनत गेली. मी फोन घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात तुम्ही धीर सोडलात आणि मला उद्देशून एका दमात म्हणालात, “अहो वहिनी राहू दे काही उपयोग नाही ह्याचा उगाच त्रास त्याला मी आपलं नंतर कधीतरी —”

ह्यांचा हात ताडकन वर आला, स्टुलाच्या पायासकट. मी जागच्या जागी थांबले.

“पुन्हा बोल,” हे म्हणाले.

तिकडून नुसतं खाकरणं आलं.

“अरे बोल ना. आत्ता बोललास तसं. हळू नको बोलू, हळू बोललास की कोण आहे ते कळत नाही.”

“कसं बोललो मी?” तुम्ही विचारलंत.

“असंच. घाईत. वाक्याचं शेपूट गिळून.”

मग माझ्याकडे न बघता, दारात कोण आलंय याची वर्दी द्यावी इतक्या साध्या आवाजात मला म्हणाले, “अगं, तोच आहे.”

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. बेचाळीस मिनिटं. मी मोजली नाहीत, फोनवर दिसतात. आतून एकदा हसू ऐकू आलं, मग एकदा ह्यांचा आवाज चढला, म्हणजे सगळं ठीक असावं.

फोन संपल्यावर आत जाऊन विचारलं, तो जे बोलला त्यातलं कळलं किती?

“निम्मं,” हे म्हणाले आणि पुन्हा स्टुलाकडे वळले. “राहिलेलं तो पुन्हा सांगेल.”

— वहिनी